किनाऱ्याकडे परतावे

कागद वाचून झाला की बाई चष्मा काढायच्या, त्याच्या काड्या मिटून तो कागदावरच ठेवायच्या आणि समोरच्याकडे बघून विचारायच्या, "आता तुम्ही काय करणार?"

पहिल्यांदा हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी म्हणालो, "टाइप करणार."

"तसं नाही हो. तुम्ही मच्छीमार आहात. होडी दाराशी आहे. मी वाचलं ते तुम्ही ऐकलंत. आता काय करणार?"

माझं दुकान सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढच्या एका बोळात आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, बारशाची निमंत्रणं, एवढंच आमचं साहित्य. होडी मी फक्त तलावातली पाहिलेली, तीही सायकलसारखं पायडल मारायची. समुद्र तर पाहिलाच नव्हता. तेव्हा दाराशी होडी असलेला मच्छीमार व्हायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर बाई मिटलेल्या चष्म्यावर हात ठेवून वाट बघत राहिल्या. शेवटी मी काहीतरी उत्तर दिलं. ते चुकलं असावं, कारण बाईंनी कागद उचलला, पेनानं अख्खा परिच्छेद खोडला आणि उद्या येते म्हणून निघून गेल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रस्ता ओलांडायला त्यांना रिकामा रस्ता लागतो. बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते बघायला जिन्यावरून दोनदा माघारी जायच्या. रिक्षात दांडी इतकी घट्ट धरायच्या की रिक्षावाल्यालाच संकोच व्हावा. लिफ्टमध्ये त्या कधी चढल्या नाहीत. पाल, फटाके, उकळतं तेल, बँकेतून येणारे फोन, सगळ्यांना घाबरायच्या. आमच्या बोळात त्यांची थट्टा चालायची आणि त्यात मी पुढे असायचो, हे आधीच सांगून टाकतो.

आणि या बाईंकडे काम काय, तर समुद्राबद्दलचं संशोधन मराठीत सांगायचं.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती. तिथलं सगळं लिखाण इंग्रजीत, आणि तेही त्यांचं त्यांनाच कळावं असं. संस्थेला ते किनाऱ्यावरच्या काही गावांतल्या मच्छीमारांपर्यंत न्यायचं होतं, मोबाइलवर ऐकू येतील अशा एका मिनिटाच्या संदेशांमधून. त्या मुलीला शाळेतल्या बाई आठवल्या. बाईंनी महिनाभर नाही म्हटलं. मग हो म्हटलं, आणि हो म्हटल्याची धास्ती त्यांच्या मनातून पुढे कधी गेलीच नाही. घर लिंगायताचं, शाकाहारी. मंगळवार बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की बाईंचा पदर नाकाला लागायचा. पण बांगडा अंडी कधी घालतो, पाणी कोमट झालं की तारली मासा कुठल्या बाजूला सरकतो, हे त्या भाजीवालीनं न विचारताही तिला सांगायच्या.

शिकल्या कशा, ते मी पाहिलंय. शोधनिबंध त्या सरळ वाचत नसत. आधी आलेख, मग शेवट, आणि मग हे मोजलं कसं तो मधला भाग दोन-दोन दिवस. शाळेची दोनशे पानी वही केलेली होती. डाव्या पानावर काय दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर त्यावरून काय वाटतं ते. वही उलटी करून मागच्या बाजूनं काय माहीत नाही ते. मागची बाजू नेहमी आधी भरायची. मग त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना फोन लावायच्या. माझ्या दुकानातून लावायच्या, कारण घरी एकटीला भीती वाटायची म्हणे. "सर, हे तुम्हाला दिसलं, की वाटलं?" असं त्या अगदी अदबीनं विचारायच्या, आणि पलीकडचा विद्वान माणूस अडखळायला लागलेला मला स्पीकरवर ऐकू यायचा. मला त्याची मोठी मौज वाटायची.

टाइप करता करता मीही त्यात ओढला गेलो. गणपतीत मंडळाच्या माइकवर मीच असतो, आवाज बरा आहे. बाई स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला घाबरत होत्या, तेव्हा संदेश माझ्या आवाजात जायला लागले. पुढेपुढे पहिला खर्डाही त्या मला लिहायला लावायच्या आणि मग त्यावर लाल पेन्सिल चालवायच्या. माझा एक शब्द त्यांना खपायचा नाही, तो म्हणजे 'साहजिकच'. साहजिक कुणाला, असं विचारायच्या. मला तेव्हा तो निव्वळ मास्तरकीचा खोडसाळपणा वाटायचा.

एकदा लांबून येणाऱ्या लाटांवरचा निबंध आला होता. मला काही तो उमजेना. दूर दक्षिणेला वादळ होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर लाटा काही दिवसांनी येतात, त्या वेळी इथं वारा नाही, ढग नाही, स्वच्छ ऊन. हे कसं काय, असं मी विचारलं. सोलापूरच्या माणसाला संकट म्हणजे आधी धुळीचा लोट दिसावा लागतो. बाईंनी घरून पिठाची परात आणली, दुकानाच्या फरशीवर ठेवून पाण्यानं भरली आणि एका टोकाला बोट बुडवून हलवलं. मग बोट काढून घेतलं. बोट पाण्याबाहेर आलं तरी लाट पलीकडच्या काठाकडे चाललेलीच होती. मध्यावर एक चुरमुरा सोडला होता, तो जागच्या जागी वर-खाली झाला. पण काठाला पाणी वर चढलं आणि फरशीवर सांडलं. "बघितलंत? आत नुसतं हलतं. काठाला चढतं," बाई म्हणाल्या. मी फडक्यानं फरशी पुसली आणि समजलं म्हणून सांगितलं.

प्रत्येक संदेश पाठवण्याआधी एक परीक्षा असायची. बोळाच्या तोंडाशी नरसक्का विड्या वळत बसायची. तेलुगू बोलणारं विणकरांचं घर, शाळा दुसरीपर्यंत. बाई तिला संदेश वाचून दाखवायच्या आणि मग तोच प्रश्न, की आता तू काय करणार. नरसक्का सुपातली पानं कातरत उत्तर द्यायची. तिला कळलं नाही तर मजकूर परत. एकदा संदेशात लिहिलं होतं, मासे खोल पाण्यात गेल्याची शक्यता आहे. नरसक्का म्हणाली, "हाय म्हनता का न्हाय म्हनता, एक काय ते सांगा की. आमी डिझेल घालायचं का न्हाय?" त्या एका वाक्यावर बाई दोन दिवस बसल्या होत्या. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं, पण ऐकणाऱ्याला हातपाय हलवता आले पाहिजेत, असं त्या म्हणायच्या. ते जमलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला उगीचच त्यांना चहा पाजावासा वाटायचा.

असं दोन वर्षं चाललं. आता त्या दिवसाकडे येतो. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसलो, कारण तिकडे यायला मला अजून जड जातं.

मे महिना होता. बाई अक्कलकोटच्या पुढे एका खेड्यात भाचीच्या मुलाच्या बारशाला गेल्या होत्या, दुपारी परतणार होत्या. सकाळी नऊला माझ्या फोनवर संस्थेचं इंग्रजी पत्रक आलं. लांबच्या वादळाच्या लाटा आज दुपारनंतर किनाऱ्याला लागतील, भरतीच्या वेळी जोर जास्त असेल. किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून ठेवाव्यात, नांगरलेल्या एकमेकींपासून लांब ठेवाव्यात, पाण्याच्या काठाशी कुणी जाऊ नये. खोल समुद्रात परिणाम फारसा जाणवणार नाही. एवढंच होतं. लवकरात लवकर पाठवा, असं खाली लिहिलेलं.

बाईंचा फोन लागेना. चार वेळा लावला. मग मीच लिहायला बसलो. खोटं कशाला बोलू, छातीत थोडी हवाही भरली होती. संदेश एका मिनिटात बसेना, म्हणून खोल समुद्राचं ते शेवटचं वाक्य काढलं. जिथं काही होणारच नाही त्याची बातमी कशाला द्यायची, असा माझा हिशोब. नियमाप्रमाणे नरसक्काला वाचून दाखवलं आणि बाईंच्याच सुरात विचारलं, "तुझा नवरा होडी घेऊन गेलाय. आता तू काय करणार?"

"काय करनार म्हंजे? बलावून घेनार की घरला. संकट आल्यावर मानूस घरला येतंय न्हवं?"

मला ते एकदम पटलं. माझ्या मजकुरात समुद्रावर गेलेल्यांसाठी काहीच नव्हतं, हे नरसक्कानं दाखवून दिलं असं वाटलं. बाई असत्या तर खूश झाल्या असत्या असंही वाटलं. काढलेल्या वाक्याच्या जागी मी एक ओळ घातली. जे समुद्रात आहेत त्यांनी ताबडतोब किनाऱ्याकडे परतावे. आवाज भरदार लावला आणि दहाच्या आत पाठवून दिला. बाईंच्या मजकुरात चूक नसते हे संस्थेतल्यांना माहीत होतं. त्यांनी तो तसाच पुढे सोडला.

बाई अडीचच्या सुमाराला आल्या. उन्हानं चेहरा लाल झालेला, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी. मी कागद पुढे केला. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. त्यांनी उभ्यानंच वाचला. शेवटच्या ओळीवर थांबल्या, परत वाचला. चष्मा काढला नाही.

"ही ओळ पत्रकात आहे?"

मी म्हणालो, नाही, पण साहजिकच आहे की.

बाई खुर्चीवर बसल्या. खाली बसताना त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं ऊन लागलं. मग त्या हळू आवाजात बोलल्या. शाळेत मठ्ठ मुलीला समजावताना बोलत असतील तशा, जराही न रागावता. त्या गावांच्या होड्या खाडीतून बाहेर जातात आणि खाडीतूनच आत येतात. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, पाणी उथळ असतं. लाट फुटते ती तिथंच. जवळपास होते ते सकाळीच आत आले असतील, त्यांचं काही नाही. लांब गेले होते ते आत्ता पोचत असतील. नेमके भरतीला, नेमके त्या लाटांबरोबर.

"ते होते तिथं बरे होते हो," त्या म्हणाल्या. "आपण त्यांना काठाला बोलावलंय."

परात, काठावर चढलेलं पाणी, मी पुसलेली फरशी, सगळं मला माहीत होतं, नुसतं कळलं नव्हतं. भीती काय असते ते मला त्या दिवशी समजलं. दुकानाबाहेरची रहदारी नेहमीसारखी चालू असते त्याचा राग येतो.

बाई मात्र, काय सांगू, पालीला घाबरणाऱ्या त्या बाई, फोन घेऊन बसल्या. संस्थेला कळवलं. दुरुस्तीचा मजकूर मला तोंडी सांगितला. मी म्हणालो, हा तुमच्या आवाजात जाऊ दे, माझा आवाज थरथरतोय.

"थरथरू दे. सकाळी ज्यानं या म्हणून सांगितलं, त्यानंच येऊ नका म्हणून सांगितलं पाहिजे. नाहीतर दोघांतलं कुणाचं ऐकायचं ते त्यांना कळणार नाही. आणि आधी म्हणा, सकाळी मी चुकीचं सांगितलं."

ते वाक्य मी तीनदा बोललो तेव्हा कुठं रेकॉर्ड झालं. सकाळी मी चुकीचं सांगितलं. खाडीच्या तोंडातून आत येऊ नका. भरती उतरेपर्यंत बाहेर खोल पाण्यात थांबा. पाठवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की लांबच्या होड्यांवर मोबाइल चालतच नाही. त्यांना घरची माणसं वायरलेसवर सांगतात. म्हणजे कुणी ऐकणार, ऐकून वायरलेसपर्यंत धावणार, आणि तिथं होडीवर कुणी कानाला लावून बसलेलं असणार, इतकं सगळं घडायला हवं होतं.

बाईंकडे त्यातल्या एका गावच्या मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर होता. त्यांनी उचलला. मागे माणसांचा गलका होता. त्यांच्या गावच्या तीन होड्या सकाळचा संदेश वायरलेसवर ऐकून वळल्या होत्या, आणि आता तोंडाजवळ दिसत होत्या. होड्यांवरून वायरलेसला कुणी उत्तर देत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, टेकाडावर जाऊन कपडा हलवतो. फोन तसाच चालू ठेवून ते पळत सुटले. त्यांच्या धापा ऐकू यायच्या, मग वाऱ्याचा आवाज, मग फोन बंद झाला.

वीज गेलेली होती. पंखा थांबलेला. दुकानाचं शटर मी अर्धं ओढून घेतलं, का ते मला माहीत नाही, कुणी आपल्याला बघू नये असं वाटत होतं. बाई "शिवा, शिवा" असं कानडी वळणानं पुटपुटत होत्या. नरसक्का शटरखालून वाकून आत आली. बाईंनी तिला काय झालं ते सांगितलं, आणि तुझा दोष नाही हेही सांगितलं. ती बाईंच्या पायाशी फरशीवर बसून राहिली. कुणी पाणीही प्यायलं नाही.

पावणेचारला फोन आला. एका होडीनं कपडा पाहिला आणि ती मागे फिरली. दुसरी तिच्यामागोमाग फिरली. तिसरी तोंडात शिरली होती. लाटेनं ती आडवी केली. होडीवर चौघं होते. तिघं पोहत कडेला लागले. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, दिसत नव्हता.

त्यानंतरचा सव्वा तास मी सांगू शकत नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगायची लाज वाटते. बाईंनी माझा हात धरून ठेवला होता, रिक्षाची दांडी धरायच्या तसाच, आणि तो हात ओला होता. माझा की त्यांचा, कळत नव्हतं. एकदाच त्या म्हणाल्या, "घाबरा. पण फोनजवळ राहून घाबरा." मला बाहेर पळून जावंसं वाटत होतं हे त्यांना कसं समजलं कुणास ठाऊक.

पाच वाजता सेक्रेटरींचा फोन आला. तांडेल सापडला होता. पलीकडच्या खडकांत, खांदा निखळलेला, पण जिवंत. नरसक्का मोठ्यानं रडायला लागली. बाईंनी फक्त डोळे मिटले. मी शटर वर केलं आणि गटारापाशी जाऊन ओकलो.

इथं गोष्ट संपली असती तर मी ही हकिगत लिहिलीच नसती.

दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला. कोणी मोठे साहेब बोलत होते. स्पीकर चालू होता, मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, ती ओळ कुणी घातली. मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, "मजकूर माझा आहे. माझ्या नावानं जातो. ओळ माझी." साहेब सौम्य आवाजात म्हणाले, की यापुढे हे काम इथंच करून घेऊ. बाई बरं म्हणाल्या.

मी काहीही बोललो नाही. नंतर स्वतःला सांगायला कारणं पुष्कळ मिळाली. बाईंनी संधीच दिली नाही, फोन ठेवूनच दिला, माझं नाव घेऊन कुणाचं भलं होणार होतं. खरं कारण असं की मी घाबरलो. पोलीस येतील, पेपरात छापून येईल, दुकान बंद पडेल, असं सगळं त्या क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. ज्या बाईंच्या भित्रेपणावर मी बोळभर हशा पिकवला होता, त्यांच्या पदराआड मी लपून बसलो.

आठ दिवसांनी बाई त्या गावाला जाऊन आल्या. एकट्या, एसटीनं, कोल्हापूरला गाडी बदलून, घाटातून. मला म्हणाल्या होत्या, येताय का? मी लग्नसराईचं कारण सांगितलं. परत आल्यावर त्या एवढंच बोलल्या, की तांडेल हात हलवायला लागलेत, आणि समुद्र फार मोठा आहे हो. मला पुढचं विचारायचं धैर्य झालं नाही. त्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. दुकानात यायच्या, नातेवाइकांच्या पत्रिका करून घ्यायच्या, शुद्धलेखन तपासायच्या. काम गेलं होतं तरी वही चालूच होती. पोस्टानं आलेले निबंध वाचायच्या आणि मला समजावून सांगायच्या. मी ऐकायचो आणि दर वेळी ठरवायचो, की आज बोलायचं. तीन वर्षं ठरवत राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. त्यांच्या श्रद्धांजलीचा कागद मीच छापला. त्यांचं नाव टाइप करताना मला समजलं की ज्या माणसापाशी मी कबूल करायचं तेच आता उरलं नाही.

मग मी ती एसटी पकडली. घाटात डोळे मिटून बसलो. गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. समुद्र पहिल्यांदाच बघत होतो, पण खरं सांगतो, बघण्याकडे लक्षच नव्हतं. सोसायटीचं कार्यालय विचारत गेलो. सेक्रेटरी बाहेरच उभे होते. मी नमस्कार करून सोलापूरहून आलो एवढंच म्हणालो, तर ते माझ्याकडे नीट बघायला लागले. आवाज ओळखला, म्हणाले. चला.

शेडमध्ये एक साठीचा माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता. उजवा हात खांद्यापर्यंत वर जात नव्हता, त्यावरून हाच तो तांडेल हे लगेच कळलं. सेक्रेटरींनी त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यानं सुई जाळ्यात खोचली आणि मला विचारलं, "बाई नाही आल्या?"

मी सांगितलं, बाई गेल्या.

त्यानं जाळ्यात खोचलेली सुई काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "इथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, ओळ माझी, चूक माझी. मी म्हटलं, बाई, आवाज तर बाप्याचा होता, आणि दुपारी तोच बाप्या थरथरत सांगत होता, सकाळी मी चुकीचं सांगितलं. आम्हाला काय कळत नाही होय? तेव्हा बाई म्हणाल्या, तो भितो. येईल तो, पण त्याला वेळ लागेल. आला की बसवून घ्या."

त्यानं डाव्या हातानं जाळं बाजूला ओढलं आणि मला जागा करून दिली. मी बसलो. त्यांना सगळं माहीत होतं तरी पहिल्यापासून सांगितलं. पत्रकात काय होतं, मी काय काढलं, त्या जागी कुठली ओळ घातली आणि विचारल्यावर कसा गप्प बसलो. दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकायला बाई मात्र नव्हत्या.